इस्लामी तत्त्वज्ञान

इस्लामी संस्कृतीत, मुख्यतः अरबी व फार्सी भाषांतून, नवव्या शतकापासून विकसित झालेली तत्त्वचिंतनाची परंपरा. कुराणाद्वारे लाभलेले सत्य आणि बुद्धीने गवसणारे सत्य यांचा संबंध काय, हा तिचा मध्यवर्ती प्रश्न होय. ख्रिस्ती व ज्यू विद्वानांचाही या परंपरेच्या घडणीत मोठा वाटा आहे.

उगम व प्रभाव : अब्बासी खलिफांच्या काळात बगदादमध्ये ग्रीक ग्रंथांचे अरबी अनुवाद झाले. हुनैन इब्न इसहाक (८०९–८७३) हा ख्रिस्ती वैद्य या अनुवादकांत अग्रगण्य होता. ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्राबरोबर नवप्लेटोमतही अरबीत आले. प्लॉटायनसच्या लेखनाचे एक रूपांतर ॲरिस्टॉटलचे म्हणून प्रचलित झाले आणि एका आदितत्त्वातून विश्व क्रमाने उत्पन्न होते, हा विचार ॲरिस्टॉटलच्या नावावर रुजला. याआधीच ‘कलाम’ म्हणजे ईश्वरमीमांसा सुरू झाली होती. तीत मुतझिला पंथाने मानवी इच्छास्वातंत्र्याचा व ईश्वरी न्यायाचा, तर पुढे अशरी पंथाने ईश्वराच्या सर्वशक्तिमत्तेचा पक्ष घेतला.

प्रमुख विषय : सत्य परक्या लोकांकडून आले तरी स्वीकारावे, अशी अल्-किंदीची (सु. ८०१–८७३) भूमिका होती. अल्-फाराबीने (सु. ८७०–९५०) आदर्श नगरराज्याची मांडणी केली. इब्न सीनाने (९८०–१०३७) वस्तूचे सारतत्त्व व तिचे अस्तित्व यांत भेद केला. घोडा म्हणजे काय हे कळले, तरी घोडा आहे की नाही हे त्यातून ठरत नाही. म्हणून अशा वस्तूंना अस्तित्व देणारे, स्वतः मात्र अनिवार्यपणे असणारे तत्त्व मानावे लागते. तेच ईश्वर. इब्न सीनाने एक कल्पनाप्रयोगही मांडला : पोकळीत तरंगणाऱ्या, कोणतीही संवेदना नसलेल्या माणसालाही ‘मी आहे’ याची जाणीव असेल; यास्तव आत्मा देहाहून भिन्न आहे.

अल्-गझालीने (१०५८–११११) तत्त्ववेत्त्यांच्या वीस मतांचे खंडन केले. जग अनादी आहे, ईश्वराला विशिष्ट गोष्टी विशिष्ट रूपात ज्ञात नसतात आणि देहाचे पुनरुत्थान होत नाही, ही तीन मते त्याने धर्मबाह्य ठरवली. विस्तव लागताच कापूस जळतो, यावरून आपल्याला फक्त सहचार दिसतो, अनिवार्य कार्यकारणसंबंध नव्हे, असा त्याचा युक्तिवाद होता. कॉर्दोव्हाच्या इब्न रुश्दने (११२६–११९८) प्रत्युत्तर दिले, की कारणे नाकारणे म्हणजे बुद्धीच नाकारणे.

उत्तरकालीन परंपरा : सुहरावर्दीने (११५४–११९१) प्रकाशाला मूलतत्त्व मानणारे दर्शन रचले. सूफी विचारवंत इब्न अरबीच्या (११६५–१२४०) लेखनातून अस्तित्वाच्या एकत्वाचा सिद्धांत पुढे आला. या प्रवाहांचा संगम इराणच्या मुल्ला सद्राने (मृ. १६४०) घडवला.

इतरत्र प्रसार : बाराव्या शतकात टोलेडो येथे इब्न सीनाचे ग्रंथ लॅटिनमध्ये आले. इब्न रुश्दच्या भाष्यांमधून युरोपने ॲरिस्टॉटल अभ्यासला. टॉमस अक्वायनस इब्न रुश्दला ‘भाष्यकार’ एवढ्याच नावाने संबोधतो. भारतात शिराझचा विद्वान फतहुल्लाह शिराझी विजापूरच्या आदिलशाही दरबारातून १५८३ मध्ये अकबराकडे गेला. अठराव्या शतकात लखनौच्या फरंगी महलातील मदरशाच्या अभ्यासक्रमात तर्क व तत्त्वज्ञान यांना प्रमुख स्थान मिळाले.

गझालीच्या टीकेनंतर ही परंपरा संपली, हा समज टिकणारा नाही. त्यानंतर पाच शतकांनी झालेल्या मुल्ला सद्राचे ग्रंथ इराणमधील कोम येथे आजही शिकवले जातात.