‘अंगातच असतं त्यांच्या’ : धावणाऱ्याचा मेंदू कोणी चोरला?



राळेगावहून वडकीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे पाचला पोलीस भरतीची पोरं धावताना दिसतात. सोळाशे मीटरसाठी महिनोन्‌महिने घाम गाळतात. आणि पारावर बसलेला एखादा शहाणा सहज म्हणून जातो, “या लोकांच्या अंगातच असतं ते.” ऐकायला कौतुक वाटतं. पण या कौतुकात एक चोरी लपलेली आहे, आणि ती समजायची तर अमेरिकेत जावं लागतं.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळतात. क्वार्टरबॅक डाव ठरवतो आणि चेंडू रनिंग बॅकच्या हाती देतो. समोर अकरा धिप्पाड माणसं त्याला आडवं पाडायला टपलेली. आपल्या कबड्डीतला चढाईपटू आठवा, म्हणजे कल्पना येईल. १९३४ ते १९४५ या काळात या व्यावसायिक लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. लेखी नियम नव्हता, मालकांचं आपसात जमलेलं होतं. (अलिखित नियम म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.) १९४६ मध्ये केनी वॉशिंग्टन आले आणि दार किलकिलं झालं. पुढे रनिंग बॅकची जागा काळ्या खेळाडूंना मिळत गेली, पण क्वार्टरबॅकची जागा कित्येक दशकं अडवून ठेवली गेली. कारण काय? पळायला पाय लागतात, डाव रचायला मेंदू लागतो!

आता या पळणाऱ्यांची शैली नीट पाहू. जिम ब्राऊन नऊ हंगाम खेळले, १२,३१२ यार्ड धावले, नऊपैकी आठ हंगामांत लीगमध्ये पहिले. लोक म्हणत, निव्वळ ताकद. पण हा माणूस प्रत्येक वेळी पाडल्यावर मुद्दाम सावकाश उठायचा, सावकाश चालत परत जायचा. खरोखर लागलंय की नाही, हे समोरच्याला कधीच कळू नये म्हणून. ही ताकद आहे की डोकं? (मैदानाबाहेर स्त्रियांवरच्या हिंसेचे आरोप त्यांच्यावर अनेकदा झाले. म्हणून मी त्यांची मूर्ती करत नाही, खेळाबद्दल बोलतोय.) वॉल्टर पेटन उन्हाळ्यात टेकडीच्या चढावर पळून पाय घडवायचे. एमिट स्मिथ यांची खुबी थांबण्यात होती. आपले साथी वाट मोकळी करेपर्यंत क्षणभर दम धरायचा आणि फट दिसली की घुसायचं. या संयमावर त्यांनी १८,३५५ यार्डांचा विक्रम केला. उलट बॅरी सँडर्स बुटके, वाट नसेल तर मागे फिरून नवी वाट काढणारे. त्यात कधी नुकसान व्हायचं, कधी अख्खं मैदान पार. माझ्या मते सर्वांत अवघड शैली तीच, कारण अर्ध्या सेकंदात अकरा जणांचा हिशेब करावा लागतो. त्याला ‘उपजत’ म्हणणं म्हणजे हिशेब करणाऱ्याचं नाव खोडणं.

आपल्याकडे हेच पाळवणकर बाळूंच्या बाबतीत झालं. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची कामं करत, साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकत शिकला. हिंदूंच्या संघात घेतला, पण चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. हात चालले, डोकं चाललं नाही. ते पद १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं. हेच बाळू १९३७ मध्ये काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. आपल्याला ते टोचतं, पण म्हणून त्यांचे बळी कमी होत नाहीत.

कोणी म्हणेल, जुन्या गोष्टी कशाला उगाळता? तर अलीकडचं ऐका. डोक्याला वारंवार मार बसून स्मृती गेलेल्या निवृत्त खेळाडूंना अमेरिकन लीगने भरपाई देऊ केली. पण चाचणी मोजताना काळ्या खेळाडूची बुद्धी मुळातच कमी होती, असं गृहीत धरण्याची पद्धत वापरली गेली. म्हणजे त्याची घट कमी दिसणार आणि भरपाई नाकारली जाणार. ज्या डोक्याने त्यांनी वाटा शोधल्या, तेच डोकं कागदावर आधीच अर्धवट ठरवलेलं. नाजेह डेव्हनपोर्ट आणि केव्हिन हेन्री या दोन माजी खेळाडूंनी २०२० मध्ये याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. २०२१ मध्ये लीगला ही पद्धत सोडण्याचं कबूल करावं लागलं, आणि जुन्या चाचण्यांचे गुण वंश न पाहता पुन्हा मोजायचं ठरलं.

यातले डेव्हनपोर्ट रनिंग बॅकच होते.