'ओके'चे कुळ आणि मूळ

जगाच्या पाठीवर सर्वाधिक ठिकाणी समजणारा शब्द कोणता, असे विचारले तर भाषातज्ज्ञ बहुधा 'ओके'चेच नाव घेतील. ज्याला इंग्रजीचे एक वाक्य बोलता येत नाही, तोही हा शब्द सहज वापरतो. मात्र दोन अक्षरांच्या या अमेरिकन शब्दाचा जन्म कसा झाला, याविषयी शंभर वर्षे नुसत्या दंतकथाच सांगितल्या जात होत्या.

त्यातली सर्वांत लोकप्रिय कथा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांची. हे गृहस्थ अर्धशिक्षित असल्याने 'ऑल करेक्ट' या शब्दांचे स्पेलिंग चुकवून कागदपत्रांवर 'ओ. के.' असा शेरा मारत, असे सांगितले जाई. वास्तविक ही जॅक्सन यांच्या विरोधकांनी 1840 च्या निवडणुकीच्या धामधुमीत उठवलेली आवई होती. दुसरी कथा चॉक्टॉ या मूळ अमेरिकन जमातीच्या भाषेतील 'ओके' या शब्दाची. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना ती इतकी पटली होती, की कागदांवर मंजुरी देताना ते चॉक्टॉ उच्चाराला जुळेल असेच स्पेलिंग लिहीत. याखेरीज स्कॉटिश, ग्रीक, पश्चिम आफ्रिकी अशा कितीतरी भाषांनी या शब्दाचे पितृत्व सांगितले आहे.

या गोंधळाचा निकाल लावला तो कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक अॅलन वॉकर रीड (1906-2002) यांनी. त्यांची पद्धत साधी आणि कमालीची कष्टाची होती. तर्क लढवत न बसता त्यांनी जुनी वृत्तपत्रे पानापानांनी चाळली. 1963 आणि 1964 मध्ये 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकातील लेखमालेत त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. 23 मार्च 1839 च्या 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये, दुसऱ्या एका वृत्तपत्राच्या संपादकाची थट्टा करणाऱ्या स्फुटात, 'ओ. के.' ही अक्षरे आणि लगेच पुढे 'ऑल करेक्ट' हा त्यांचा खुलासा छापलेला आहे.

आता 'ऑल करेक्ट'ची आद्याक्षरे 'ए. सी.' व्हायला हवीत, 'ओ. के.' कशी झाली? इथेच त्या काळच्या बोस्टनची गंमत आहे. 1838-39 च्या सुमारास तिथल्या पत्रकारांना लघुरूपांचे वेड लागले होते, आणि ती लघुरूपेही मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगवरून बनवायची, अशी टूम निघाली होती. 'ऑल राइट'ला 'ओ. डब्ल्यू.' आणि 'नो यूज'ला 'के. वाय.' म्हणत. म्हणजे ओके हा मुळात अडाण्याच्या चुकीचा नव्हे, शिकलेल्यांच्या टवाळीचा शब्द. आजच्या मोबाइलवरील संदेशांची भाषा पाहून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हरकत नाही.

त्याची भावंडे वर्ष-दोन वर्षांत विस्मृतीत गेली. ओके तेवढा तगला. त्याला हात दिला तो राजकारणाने. राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन हे न्यूयॉर्क राज्यातील किंडरहूक गावचे, म्हणून त्यांना 'ओल्ड किंडरहूक' हे टोपणनाव मिळाले होते. 1840 मध्ये ते पुन्हा निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या न्यूयॉर्कमधील समर्थकांनी 'ओ. के. क्लब' काढला. व्हॅन ब्युरेन पडले, पण त्यांच्या नावाला चिकटलेला शब्द देशभर पोहोचला. पुढे तारयंत्रे आली आणि झटपट होकार कळवायला तारमास्तरांना दोन अक्षरांचा हा शब्द फारच सोयीचा ठरला.

आपल्याकडे ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज'मध्ये तो येऊन बसला, त्याविषयीही अशाच कथा आहेत. कोणी दुसऱ्या महायुद्धातील रॉकेलवर चालणाऱ्या ट्रककडे बोट दाखवतो, तर कोणी 'ओके' साबणाच्या जाहिरातीकडे. यांपैकी एकही गोष्ट पुराव्याने सिद्ध झालेली नाही. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने 2015 मध्ये वाहनांवर ही अक्षरे रंगवण्यास बंदी घातली.

दंतकथेला सरकारी शिक्का मिळाला तरी ती इतिहास होतेच असे नाही. 'अंकल सॅम' म्हणजे 1812 च्या युद्धात सैन्याला मांस पुरवणारे ट्रॉय गावचे सॅम्युअल विल्सन, असा ठराव अमेरिकन काँग्रेसने 1961 मध्ये केला. पुढे आयझॅक मेयो या नौदलातील तरुणाची रोजनिशी अभ्यासकांच्या हाती लागली. तिच्यात हे नाव 1810 सालीच, युद्धाच्या दोन वर्षे आधी आलेले आहे.

न्यूयॉर्कच्या 'बिग अॅपल' या टोपणनावाची कथा याहून निराळी आहे. ईव्ह नावाच्या कुंटणखान्याच्या मालकिणीवरून ते पडले, ही इंटरनेटवर फिरणारी गोष्ट निखालस बनावट. बॅरी पोपिक आणि प्राध्यापक जेराल्ड कोहेन यांनी जुन्या अंकांतून खरा माग काढला. पोपिक यांचा पेशा तर वाहनतळाच्या दंडाचे खटले चालवण्याचा! 1920 च्या दशकात 'मॉर्निंग टेलिग्राफ'मध्ये घोड्यांच्या शर्यतींविषयी लिहिणारे जॉन फिट्झ जेराल्ड यांनी हे नाव रूढ केले. मग ते जॅझ वादकांच्या तोंडी गेले, मागे पडले आणि 1971 मध्ये पर्यटनाच्या जाहिरातींतून पुन्हा वर आले. फिट्झ जेराल्ड जिथे राहत, त्या ब्रॉडवे आणि 54 व्या रस्त्याच्या कोपऱ्याला 1997 मध्ये 'बिग अॅपल कॉर्नर' असे नाव देण्यात आले.

फिट्झ जेराल्ड यांनी मात्र हा शब्द आपला असल्याचा दावा कधी केला नव्हता. न्यू ऑर्लिन्सच्या शर्यतीच्या मैदानावर, घोडे फिरवणाऱ्या दोन कृष्णवर्णीय मोतद्दारांच्या बोलण्यातून तो आपण उचलला, असे त्यांनी 1924 मध्ये स्वतःच लिहिले. 'बिग अॅपल'ला निघालो आहोत, असे एकाने म्हणताच दुसऱ्याने घोड्यांच्या हडकुळेपणावरून त्याला टोमणा मारला, की सफरचंदातला नुसता गाभाच हाती लागेल. हा संवाद त्यांनी जपून ठेवला. त्या दोघांची नावे मात्र त्यांनी लिहिली नाहीत.