दिवा काय सांगतो?

चिंचणीची खाडी ओलांडली की तारापूर. देशातील पहिले अणुवीज केंद्र तेथे १९६९ साली सुरू झाले. अशा केंद्रात भट्टीच्या आत कोणाला डोकावता येत नाही. नियंत्रण कक्षातील दिवे आणि काटे यांवरच चालकांना विसंबावे लागते. पण दिवा नेमके काय सांगतो?

२८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड केंद्रात, तारापूरपेक्षा वेगळ्या प्रकारच्या भट्टीत, दाब कमी करणारी झडप उघडीच अडकली. पाणी निसटत राहिले. फलकावरचा दिवा मात्र विझला. झडपेला बंद होण्याचा संदेश गेला, एवढाच त्याचा अर्थ होता. चालकांना वाटले, झडप बंद झाली. शंभराहून अधिक इशारे एकदम सुरू झाले. पाणी जास्त झाले, या समजुतीने त्यांनी आपत्कालीन पाणी कमी केले. भट्टीचा सुमारे निम्मा गाभा वितळला.

चौकशी आयोगाने चालकांच्या चुका नोंदवल्याच. पण प्रशिक्षण, सूचनापत्रके आणि कक्षाची मांडणी यांवरही बोट ठेवले. हा धडा तसा जुनाच. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानांचे वैमानिक जमिनीवर उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाकेच मिटवीत. दोन्ही खटके शेजारी आणि सारखेच आहेत, हे मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चापानिस यांनी दाखवले. मुठींचे आकार वेगळे केले आणि घोटाळा मिटला.

आम्ही शिक्षकांना एक सुचवू. शाळेच्या पंपाच्या फलकावरील दिवा मुलांना दाखवून विचारा : वीज आली, की पाणी चढले? टाकीत पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही, हे त्यांच्या लगेच ध्यानात येईल.