लोणार सरोवराचा जलेतिहास : शब्द, गाळ आणि प्रतिमान

हवामानातील बदलाचा मोठ्या सरोवरांवर व त्यांच्या परिसरावर होणारा परिणाम वर्तविणारी गणिती प्रतिमाने आज जगभर रचली जात आहेत. अशा प्रतिमानाची कसोटी मात्र भूतकाळावरच लावावी लागते. आणि सारा भूतकाळ पर्जन्यमापकाच्या नोंदींत सामावत नाही. विदर्भातील लोणार सरोवराच्या बाबतीत भाषेलाही साक्षीस बोलाविता येते काय, हे पाहण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील हे सरोवर अशनिपाताने बसाल्ट खडकात पडलेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात आहे. त्यात पाऊस, उतारावरील ओहोळ व झरे यांचे पाणी येते. बाहेर वाहून जाणारा प्रवाह नाही. पाणी उणे होते ते मुख्यतः बाष्पीभवनाने, आणि क्षार मागे राहतात. येथील पातळी म्हणजे या जमाखर्चाची शिल्लकच होय. पाणी वाढले की पृष्ठ विस्तारून बाष्पीभवनही वाढते व नवा समतोल साधतो. पाणी उतरले की क्षारता चढते. प्रतिमानाचे मूळ सूत्र एवढेच. अवघड आहे ते त्यातील प्रत्येक रकमेचे माप.

लोणार या नावाशी लवणासुराची पुराणकथा जोडली जाते. ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने मात्र संस्कृत ‘लवण’ व प्राकृत ‘लोण’ ही परंपरा सरळ दिसते. उत्तरपद खाण या अर्थाचे ‘आकर’ मानावे की कुंभार, लोहार यांतील ‘कार’, याविषयी वाद संभवतो. मिठाचा संबंध दोन्ही पक्षी अबाधितच राहतो. चक्रधरस्वामींच्या लोणार येथील वास्तव्याची हकीकत लीळाचरित्रात येते. अर्थात तेराव्या शतकात हे नाव रूढ होते. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या ऐने अकबरीत येथे काच व साबण यांस लागणारे द्रव्य मिळत असल्याची नोंद आहे. पुढे येथील क्षारांच्या निरनिराळ्या प्रतींना डल्ला, खुप्पल, पापडी अशी नावे होती. ‘पापडी’ हा शब्द तर वाळलेल्या थराचे रूपच डोळ्यांपुढे उभे करतो.

सरोवरतळाच्या गाळाच्या अध्ययनातून, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मोसमी पाऊस दीर्घकाळ क्षीण झाल्याचे दोन कालखंड आढळले : सुमारे ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीचे. यांतील दुसरा खंड सातवाहनांपासून यादवांपर्यंतचा काळ व्यापतो. ‘लवण’चे ‘लोण’ होऊन नाव रुळले तेही याच काळात, असे मानण्यास जागा आहे. तथापि हा मेळ म्हणजे सिद्धान्त नव्हे. क्षाराचा थर एखाद्या कडक उन्हाळ्यातही धरतो, आणि क्षाराचे उत्पादन अकबराच्या काळीही चालूच होते. शब्द अवस्था सांगतो. तिचा काळ गाळाने सांगावयाचा असतो.

या विवेकाची गरज आज विशेष आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे झाल्याचे दाखविले. त्याच वर्षी सरोवरास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नंतरच्या वर्षांत पातळी इतकी चढली की काठावरील कमळजादेवीच्या मंदिरास पाण्याने वेढले. ही दोन टोके केवळ हवामानाच्या खाती मांडणे सोपे आहे. परंतु गावाचे सांडपाणी, परिसरातील भूजलाचा उपसा आणि झऱ्यांची आवक या रकमा प्रतिमानात नसतील, तर माणसाची करणी निसर्गाच्या नावे लिहिली जाईल आणि उपायही चुकीच्या ठिकाणी योजिला जाईल. म्हणूनच झऱ्यांचे नियमित मापन आणि जुन्या नोंदींचे संकलन ही दोन्ही कामे एकत्र हाती घेणे अगत्याचे आहे.