तळटीप : गाझीमेस्तानचे भाषण

* २८ जून १९८९ रोजी सर्बियाचे अध्यक्ष स्लोबोदान मिलोशेविच यांनी कोसोवोत केलेले भाषण. निमित्त, १३८९ च्या कोसोवो लढाईला ६०० वर्षे झाल्याचे. त्याच वर्षी मार्चमध्ये कोसोवोच्या स्वायत्ततेला कात्री लागली होती. भाषणाचा बराचसा भाग एकोप्याविषयी आहे. उतारे देताना तो पुष्कळदा गाळला जातो, हे योग्य नव्हे. मात्र आजच्या लढाया सशस्त्र नसल्या तरी तशी शक्यता नाकारता येत नाही, हे विधानही त्याच भाषणातले. मला त्या विधानाहून घातक वाटते ती मांडणी : मध्ययुगीन लढाई आणि चालू राजकारण एकाच दमात सांगितले, की शेजारचा अल्बेनियन माणूस ऐकणाऱ्यांच्या मनात जुन्या शत्रूच्या जागी जाऊन उभा राहतो. — संपादक