धूर कुणाच्या घरात उरला

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटनमधला पुरुष, मग तो डॉक्टर असो की खाणकामगार, बहुधा तंबाखू ओढणाराच असे. १९४८ साली हे प्रमाण सुमारे ८२ टक्के होते. म्हणजे धूम्रपान हे मुळात गरिबाचे व्यसन नव्हते, ते पुढे तसे घडत गेले. १९५० मध्ये डॉल आणि हिल या संशोधकांनी सिगारेटचा फुप्फुसाच्या कर्करोगाशी असलेला संबंध दाखवला, १९६२ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेचा धूम्रपानावरचा अहवाल आला आणि आधी डॉक्टरांनी, मग इतर सुशिक्षितांनी मोठ्या संख्येने सिगारेट सोडली. कामगारवस्तीत ती टिकून राहिली.

यावर कुणी म्हणेल, माहिती तर सर्वांनाच मिळाली होती, मग दोष न सोडणाऱ्याचाच. हे मला पटत नाही. बाप, थोरला भाऊ आणि पाळीतले सोबती ओढत असतील तर पोराच्या हाती सिगारेट येते ती मोठे झाल्याची खूण म्हणून. तीस वर्षांनंतरच्या आजाराचे भय तिथे फिके पडते. अशा घरांतली सगळीच मुले ओढू लागली नाहीत, हे खरे. पण ज्याला पुढच्या आयुष्याची शाश्वती, त्यालाच ते जपणे सोपे जाते. आरोग्यातली ही वर्गीय दरी सरकारी समितीच्या १९८० च्या ब्लॅक अहवालाने पुराव्यानिशी मांडली, तेव्हा सरकारने त्याच्या अवघ्या २६० प्रती काढल्या.