स्वादुपिंडाचा दुहेरी इतिहास : पचन, मधुमेह आणि भारतीय रुग्ण

प्रस्तावना

घोटी (ता. इगतपुरी, जि. नाशिक) ही मुंबई-आग्रा महामार्गावरील भाताची बाजारपेठ होय. तेथील ताटातल्या भाताचे पचन लाळेने सुरू होत असले, तरी मुख्यत्वे ते लहान आतड्यात, स्वादुपिंडाच्या रसामुळे घडते. या रसातील अमायलेज पिष्टाचे, लायपेज स्निग्ध पदार्थांचे व ट्रिप्सिन प्रथिनांचे विघटन करते. बायकार्बोनेट जठरातून आलेले आम्ल निष्प्रभ करते. हाच अवयव रक्तात इन्सुलिनही सोडतो. या दोन कार्यांचा इतिहास दीर्घकाळ दोन वाटांनी लिहिला गेला. त्या वाटा भारतीय रुग्णांत कशा एकत्र आल्या, याचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

दोन वाटा

फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी १८४८ च्या सुमारास स्निग्ध पदार्थांच्या पचनातील स्वादुरसाचे कार्य दाखविले. १९०२ मध्ये लंडनच्या बेलिस व स्टार्लिंग यांनी हा रस स्रवविणारे संप्रेरक, सिक्रेटिन, शोधले. दुसरी वाट १८६९ मध्ये लँगरहान्स यांना आढळलेल्या पेशीसमूहांपासून सुरू होते. १८८९ मध्ये मेरिंग व मिंकोव्स्की यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांत मधुमेह उद्‍भवतो, हे सिद्ध केले. १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांना तर पाचकरस हा अडथळाच वाटला; तो इन्सुलिन नष्ट करील, म्हणून त्यांनी स्वादुपिंडाची नलिका बांधली. इन्सुलिनच्या यशानंतर पाचक कार्य सामान्य वैद्यकीय चर्चेत मागे पडले.

भारतीय अनुभव

उष्ण कटिबंधातील काही कृश, तरुण रुग्णांत स्वादुपिंडात खडे, पोटदुखी व मधुमेह एकत्र दिसत. केरळमधील डॉ. पी. जे. गीवर्गीस यांचा यावरील ग्रंथ १९६८ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने प्रसिद्ध केला. १९९० मध्ये पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी अशा रुग्णांतील पाचक व इन्सुलिननिर्मिती ही दोन्ही कार्ये एकत्र तपासली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये हा विकार कुपोषणजन्य मधुमेहात गणला. १९९९ मध्ये तो स्वादुपिंडाच्या विकारांत हलविला. कारणाचा वाद त्यातून स्पष्ट होतो. केवळ कुपोषण वा आहारातील विषारी घटक पुरेसे ठरले नाहीत. आनुवंशिक प्रवृत्तीचाही वाटा आढळला.

निष्कर्ष

पाचक कार्याची सुमारे ९० टक्के क्षमता गेल्यावरच तेलकट, दुर्गंधीयुक्त मल हे लक्षण ठळक होते. तोवर रुग्णाचे वजन घटत राहू शकते. अ, ड, ई व के या जीवनसत्त्वांची उणीवही संभवते. अशा रुग्णाची केवळ साखर मोजली, तर त्याने खाल्लेले अन्न अंगी लागते की नाही, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. जेवणासोबत घ्यावयाची विकरे उपलब्ध असली, तरी निदानाअभावी त्यांचा लाभ होत नाही. इतिहासाने विभागलेली ही दोन कार्ये रुग्णाच्या देहात एकच असतात. ज्याच्या घरी अन्न आधीच अपुरे आहे, त्याच्या बाबतीत हे विस्मरण सर्वाधिक महाग पडते.